तीनशे अकरा उजवे पाय

४ मार्च

प्रिय वहिनी,

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला घसरतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून लिहितेय. गरज माझी आहे, तेव्हा नेहमीचे टोमणे बाजूला ठेवलेत.

आमच्या कारखान्याचं तुला थोडंफार ठाऊक आहे. दुकानातला बूट ज्या पायात जात नाही, अशा पायांसाठी आम्ही बूट करतो. वाकडे पाय, सुजलेले पाय, बोटं गेलेले पाय. मास्तर चाळीस वर्षं हेच करतायत. पूर्वी ते प्लास्टरचा साचा घ्यायचे. सहा वर्षांपूर्वी स्कॅनर आला. आता मी पाय स्कॅन करते, मशीन त्यावरून लाकडाचा फर्मा, म्हणजे त्या पायाच्या आकाराचा ठोकळा, कापतं आणि मास्तर फर्म्यावर बूट शिवतात. फाइल्स सांभाळायचं काम माझं. उजव्या पायाच्या फाइलचं नाव इंग्रजी मोठ्या पी-ने, डाव्याचं लहान पी-ने, आणि पुढे माणसाचा नंबर. एकूण तीनशे अकरा माणसं.

आता तो संगणक शेवटच्या घटका मोजतोय. डिस्क जात्यासारखी घरघरते. ज्या हॉस्पिटलकडून आमच्याकडे पेशंट येतात, त्यांनी सांगितलं की सगळं क्लाउडवर टाका, आणि कंपनी सांगितली ती नेमकी तुझीच. म्हटलं चला, घरचंच माणूस आहे. तुमचं ते मार्गदर्शनाचं पान उघडलं. तिसरी पायरी: 'स्टार्ट मेनू उघडा.' कुठून उघडू? आमचा संगणक स्कॅनरबरोबर आला, तो लिनक्सवर चालतो. त्यात विंडोज नाही, स्टार्ट मेनू नाही, 'सी ड्राइव्ह' नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'इतर सिस्टिमवर पायऱ्या साधारण अशाच आहेत.'

साधारण म्हणजे काय गं? मास्तरांनी साधारण माप घेतलं तर माणूस लंगडतो. हे लिहिणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात दुसरा संगणक बघितलाय का, तेवढं विचारून कळव.

— तुझी नणंद


७ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. तुमचा दादा म्हणाला, दोघी लिहायला लागल्या म्हणजे मला मधला टेलिफोन व्हायला नको.

पानाबद्दल. अशी पानं लिहिणाऱ्यांवर बरीच बंधनं असतात. पान लांबलं की लोक वाचत नाहीत, मग जे बहुतेकांना लागतं तेवढंच ठेवावं लागतं. कुणी मुद्दाम करत नाही.

तुम्हाला सोपा मार्ग सांगते. लिनक्सच्या भानगडीत पडूच नका. कुणाचा तरी विंडोजचा लॅपटॉप दोन दिवस मागून घ्या. तुमच्या सगळ्या फाइल्स एका पेनड्राइव्हवर घ्या, तिथून लॅपटॉपवर, आणि मग पानावरच्या पायऱ्या जशाच्या तशा करा. ते पान नीट तपासलेलं आहे, एकही पायरी गाळू नका. शेवटची पायरी जुन्या डिस्कवरचं सगळं पुसून टाकायची आहे, तीसुद्धा करा. पेशंटची माहिती भंगारात जाऊ नये म्हणून ती असते.

— वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

वन्सं म्हणू नकोस गं, आरशात पांढरे केस दिसायला लागतात. आणि तू माझ्याहून मोठी आहेस, अहो-जाहो कशाला?

काम फत्ते! हॉस्पिटलच्या रिसेप्शनवालीने लॅपटॉप दिला. पेनड्राइव्हवर फाइल्स घेताना मध्येच संगणकाने विचारलं, 'या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?' मी दचकले. पण तुमच्या पानावर अगदी हाच प्रश्न होता आणि खाली उत्तर होतं: 'पूर्वीचा अर्धवट राहिलेला प्रयत्न असू शकतो, सगळ्यांना हो निवडा.' मी मागच्या आठवड्यात एकदा अर्धवट प्रयत्न केलाच होता. मनात म्हटलं, लिहिणारा अगदीच वाईट नाही, माणसाच्या मनातलं ओळखतो. 'सगळ्यांना हो' दाबलं.

पुढे सगळं सुरळीत. शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, 'तीनशे अकरा फाइल्स पोचल्या, चुका शून्य.' रजिस्टर काढून बघितलं, माणसं तीनशे अकरा. जुनी डिस्क पुसली, मेकॅनिकने नवी बसवली. आता घरघर नाही. मास्तर म्हणाले, कारखान्यात कुणी वारल्यासारखं शांत वाटतंय.

खरंच आभार. तुझ्याकडून मदत मागायला मला सहा वर्षं लागली, मिळायला तीन दिवस.

— तुझी नणंद


२२ मार्च

प्रिय धाकटे,

चला, 'वन्सं' रद्द. तुझं पत्र मी ऑफिसात दोनदा वाचलं. तुझं काम झालं याचा मला तुला वाटेल त्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्या पानाला महिन्याला चाळीस हजार वाचक येतात, लिनक्सवाले त्यात शंभराला दोन. चाळीस हजारांतल्या एकीने तरी कळवलं की जमलं.

उन्हाळ्यात ये चार दिवस. तुझा दादा हल्ली भाजी चिरायला शिकलाय. बोटं शाबूत आहेत.

— वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

सरळ मुद्द्यावर येते.

परवा एक शिक्षिका आल्या. त्यांचा उजवा बूट झिजला होता, डावा चांगला होता. मी क्लाउडवरून मोठा पी एकशे बारा उतरवला, मशीनला दिला. फर्मा कापून झाला. मास्तरांनी हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा डावा आहे."

मी म्हटलं, "नाही मास्तर, मोठा पी आहे. उजवाच."

"बाई, नावावर जाऊ नकोस. अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघ."

मला वाटलं त्या दिवशी मीच पाय चुकीच्या नावाने ठेवला असेल. दुसऱ्या माणसाची फाइल उघडली. तिसऱ्याची. वीस उघडल्या. नाव सगळ्यांचं उजव्याचं, आत पाय डावा. लहान पी-च्या फाइल्स शोधल्या, तर एकही नाही.

मेकॅनिकने समजावलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. आमच्या लिनक्सला मोठा पी आणि लहान पी ही दोन वेगळी नावं. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीचा होता तिथे आणि विंडोजवर ती दोन्ही एकच. म्हणून तो विचारत होता, या नावाची फाइल आधीच आहे. तो अर्धवट प्रयत्न नव्हता, तो उजवा पाय होता. आणि मी 'सगळ्यांना हो' म्हणून त्याच्या जागी डावा बसवला. तीनशे अकरा वेळा. फाइल्स सहाशे बावीस हव्या होत्या. मी माणसं मोजली, पाय मोजलेच नाहीत.

मूळ डिस्क पुसलेली. लाकडी फर्मे बूट झाला की आम्ही ठेवत नाही. जुने प्लास्टरचे साचे मास्तरांनी जागेसाठी फोडून टाकलेत, माळ्यावर काही उरलेत. शिक्षिकाबाई संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि झिजलाच बूट घालून परत गेल्या.

मी मास्तरांना म्हटलं, मी काम सोडते. ते म्हणाले, "सोडून जाशील तर उजवे पाय कोण आणणार?" तेवढंच.

तुमच्याकडे आधीच्या प्रती कुठे राहतात का, ते विचार. आणि ते पान कोणी लिहिलं त्याचं नाव दे. भांडायचं नाही मला. त्याला हे माहीत होतं का, एवढंच विचारायचंय.

— नणंद


१३ एप्रिल

प्रिय धाकटे,

ते पान मी लिहिलंय.

तुझं चार मार्चचं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. 'गृहस्थ' वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग सोयीचं वाटलं म्हणून गप्प बसले.

काल तुला एक पत्र लिहून ठेवलं होतं. त्यात होतं की साहेबांनी माझी लिनक्सची माहिती कापली. ते फाडलं, कारण तसं झालं नव्हतं. साहेब फक्त म्हणाले होते, "पान लांबलंय, काहीतरी कमी करा." काय कमी करायचं ते मी ठरवलं. लिनक्ससाठी अकरा ओळी होत्या, कुठलाही लॅपटॉप न मागता थेट तुमच्याच संगणकावरून फाइल्स चढवायच्या. नवव्या ओळीत लिहिलं होतं की तुमच्या नावांमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असेल तर फाइल्स विंडोजवर नेऊ नका. मला ते माहीत होतं. माझ्या टेबलावर विंडोज आहे, माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांच्या टेबलावर विंडोज आहे. मला वाटलं, कोणाला लागतंय. अकरा ओळी काढल्या आणि 'साधारण अशाच' ही एक ओळ टाकली. आणि वर तुला स्वतःच्या हाताने विंडोजकडे धाडलं.

आधीच्या प्रती आमच्याकडे नाहीत. उजवे पाय आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, पेनड्राइव्हवरच गेले. तो पेनड्राइव्ह कुठे आहे? त्यावर आता काहीही लिहू नकोस. पुसलेल्या फाइल्स परत काढणारे लोक असतात, एकाचा पत्ता सोबत देते. आणि एक विचारते, चुकलं तर सोडून दे: डाव्या पायाची फाइल आरशात दिसते तशी उलटी केली तर उजवा पाय मिळणार नाही का?

— वहिनी


९ मे

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. ते साहजिक आहे. पण आता जे लिहितेय त्याचं उत्तर मला हवंय.

मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, त्या अकरा ओळी परत घालायच्या आहेत. तुमचा कारखाना, उजवे पाय, सगळं सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही.

"तक्रार नोंदली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझी नणंद आहे ती."

"मग मी वरती काय दाखवू? शंभरात दोन वाचकांसाठी पान वाढवायचं म्हणजे कारण लागतं. घरची गोष्ट कारण होत नाही."

म्हणून मागतेय. तू रीतसर तक्रार कर. पानाचा नंबर, तारखा, 'सगळ्यांना हो'ची ओळ, सगळं लिही. तक्रारीची प्रत लेखकाच्या फायलीत जाते, म्हणजे माझ्या. या जूनमध्ये माझी बढती ठरायची आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच लिहितेय.

— वहिनी


१६ मे

वहिनी,

या पत्राचा पहिला मसुदा 'तुम्ही'ने लिहिला होता. वाचून बघितला तर भलत्याच बाईला लिहिल्यासारखा वाटला. म्हणून परत लिहितेय, पण राग तेवढाच आहे.

राग कशाचा ते सांगते. तुझ्या चुकीबद्दल नाही. हात माझाही होता, 'हो' मी दाबलं. राग याचा की मी पत्रातून त्या लिहिणाऱ्याचं कौतुक केलं आणि तू ते दोनदा वाचलंस. शंभरात दोन, चाळीस हजार, हे आकडे तुला तोंडपाठ कसे, एवढं तरी मला तेव्हा सुचायला हवं होतं.

उलट्या पायाबद्दल. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "ज्यांचे दोन पाय सारखे असते ते आपल्याकडे आलेच नसते." आता तूच बघ.

पेनड्राइव्हवर मी नंतर हॉस्पिटलच्या शिबिराचे फोटो भरले होते. तरी तू दिलेल्या माणसाने चौऱ्याहत्तर पाय काढून दिले. माळ्यावरच्या साच्यांवरून अठ्ठावन्न परत स्कॅन केले.

परवा दादाचा फोन आला होता. म्हणाला, "घरातलं घरात ठेव. एका कागदाने तिची पाच वर्षं मागे जातील." मी म्हटलं, "घरातलं असतं तर ठेवलं असतं. ते पान घराबाहेर चाळीस हजार माणसं वाचतात." तो म्हणाला, "तीही हेच म्हणते. तुम्ही दोघी एकत्र झालात तर माझं काही खरं नाही."

तक्रार काल पाठवली. तुझं नाव घातलं नाही, पानाचा नंबर घातला. माझी चूकही लिहिली, म्हणजे कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं.

बाकीच्या माणसांना पत्रं गेली आहेत. सात जूनपासून ती माप द्यायला येतील. स्कॅन करताना पाय हवेत स्थिर धरावा लागतो, मी मशीनपाशी आणि मास्तरांचे हात आता थरथरतात. रजा काढ आणि ये. पाहुणी म्हणून येऊ नकोस.

— नणंद


२० जून

प्रिय धाकटे,

घरी पोचून आठवडा झाला. गुडघे अजून बोलतायत.

त्या चार दिवसांत तुझ्यासमोर बोलायला जमलं नाही ते लिहिते. पहिल्या दिवशी ते रिटायर्ड कंडक्टर आले, आठवतात ना, उजव्या पायाची तीन बोटं नसलेले. मी खाली बसून त्यांची टाच तळहातावर घेतली. त्यांनी विचारलं, "तुम्ही नवीन दिसता." तू मशीनमागे होतीस. मला 'हो' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. ज्या चुकीच्या लिहिण्यामुळे तुमचं माप गेलं ना, ते लिहिणारी मी." मी वर बघितलंच नाही. मग म्हणाले, "मग नीट धरा. मागच्या वेळी मास्तरांनी धरला होता तेव्हा हलला नव्हता."

मी नीट धरला. पुढच्या प्रत्येकाला मी आधीच सांगितलं. एक आजी म्हणाल्या, "लिहायला बसलं की माणसाला पाय दिसत नाहीत." एकजण मोजे चढवून निघून गेले. तू त्यांना फाटकापर्यंत जाऊन परत आणलंस, ते मी खिडकीतून बघितलं. तू काय सांगितलंस ते मी विचारणार नाही.

ऑफिसचं असं झालं. तुझ्या तक्रारीनंतर आणखी चौकशी झाली. तशाच जुन्या सतरा तक्रारी सापडल्या. कुणाची आवाजाची रेकॉर्डिंगं, कुणाचे जमिनीचे नकाशे. त्या सगळ्यांवर शेरा होता: 'ग्राहकाची चूक.' त्यातल्या दोन तक्रारींवर सही माझी आहे. मला त्या आठवतही नव्हत्या.

बढती नाही. पान माझ्याकडून काढून एका नवीन मुलीला दिलंय. ती हुशार आहे. तिने लिनक्सचा भाग पानाच्या तळाशी न ठेवता विंडोजच्या शेजारी ठेवलाय, सुरुवातीलाच विचारलंय की तुमच्यासमोर कुठला संगणक आहे. 'सगळ्यांना हो'ची ओळ गेली. तिला हवंय की छापण्याआधी कुणीतरी खऱ्या लिनक्सवर सगळं करून बघावं. आमच्या मजल्यावर तसा संगणक कुणाकडे नाही. मी तुझं नाव सांगितलं. पाठवू का?

तुझा दादा माझ्याशी तीन दिवस जपून बोलत होता. काल मी म्हटलं, "मी काही काचेची नाही." तर म्हणाला, "बरं. मग भाजीत मीठ जास्त झालंय."

— वहिनी


१२ जुलै

प्रिय वहिनी,

त्या मुलीचं पान मी मास्तरांच्या शेजारी बसून केलं, प्रत्येक पायरी मोठ्याने वाचत. चाळीस मिनिटं लागली. सहाव्या पायरीत एक फोल्डरचं नाव चुकलंय आणि नवव्यात ती म्हणते 'काही क्षण थांबा', तिथे आमची अकरा मिनिटं गेली. लाल पेनाने लिहून पाठवलंय. तिचं उत्तर आलं, तिने माझं नाव पानाच्या खाली 'तपासणी' म्हणून घालू का असं विचारलंय. मी म्हटलं, माझं नको, कारखान्याचं घाल. मास्तरांनी ते पान छापून घेतलं, एक अक्षर न कळता वाचलं आणि भिंतीला लावलं.

हिशोब असा. पेनड्राइव्हवरून चौऱ्याहत्तर, साच्यांवरून अठ्ठावन्न, परत माप द्यायला आले ते एकशे एकोणचाळीस. उरले चाळीस. त्यांतली एकतीस माणसं आता नाहीत, त्यांच्या घरच्यांनी कळवलं. मी त्यांच्या डाव्या पायांच्या फाइल्स पुसल्या नाहीत. मास्तरांनी विचारलं, कशाला ठेवतेस. नऊ जणांची पत्रं पत्ता न सापडल्याने परत आली.

त्या नवांतली एक बाई काल आपणहून आली. दीड दिवसाचा प्रवास करून, बूट शिवून-शिवून चालेनासा झाला म्हणून. तिला आमचं पत्र मिळालंच नव्हतं, घर बदललंय. मी तिला सगळं सांगायला लागले, तर म्हणाली, "आधी पाय बघा." मोजा काढला. चार वर्षांत पाय इतका बदललाय वहिनी, घोटा आत कललाय, तळवा पसरलाय. मास्तरांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुनं माप असतं तर आपण त्यावरच शिवून दिला असता. तिला जखम झाली असती."

मग म्हणाले, "हे तुझ्या वहिनीला कळवू नकोस. चुकलं ते बरंच झालं असं वाटेल तिला."

मी कळवतेय, कारण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय. पण याला माफी समजू नकोस. ती बाई आली म्हणून एक पाय वाचला. बाकीचे आठ कुठे चालतायत, कशावर चालतायत, आपल्याला माहीत नाही.

मास्तर आणि मी असं ठरवलंय की आता सगळ्यांनाच दर दोन वर्षांनी माप द्यायला बोलवायचं, फाइल असो वा नसो. तेवढे हात आमच्याकडे नाहीत. पुढच्या शनिवारी अकरा जण यायचे आहेत. तू शुक्रवारी संध्याकाळीच निघ, इथे अंथरूण घालून ठेवते. दादालाही आण, त्याला मोजे काढायचं काम देऊ.

— धाकटी